लेंकराचें बोट धरणारा : आलेक्सांद्रियाचा क्लेमेंट

नव्या करारांत एक ग्रीक शब्द अवघा तीन वेळां आला आहे. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत तो एकदां आहे, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत लागोपाठच्या दोन वचनांत दोनदां. तो शब्द 'पायदागोगोस' हा होय. त्याची फोड केली तर 'मुलाला नेणारा' एवढाच अर्थ निघतो. आपल्या मराठी शास्त्रांत गलतीकरांच्या पत्रांत त्याला 'बालरक्षक' म्हटलें आहे, आणि तें ठीकच आहे. तरी खेडोपाडीं उपदेश करणाऱ्या आपल्या पुष्कळ बंधूंच्या तोंडून आम्हीं त्याचा अर्थ गुरु असा ऐकिला आहे. गुरु हा शब्द आपल्या देशांत फार उंच आसनावर बसलेला आहे. लोक त्याच्या पायांवर डोकें ठेवितात. पायदागोगोसाच्या पायांवर कोणी डोकें ठेवीत नसे. तो घरचा दास होता.

ह्या एका शब्दावर ज्यानें तीन भागांचा ग्रंथ लिहिला, आणि ज्याच्या आयुष्याचीं उत्तम वर्षें नव्या विश्वासणाऱ्यांस वाटेला लावण्यांत गेलीं, त्या आलेक्सांद्रियाच्या क्लेमेंटाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. परंतु हा दास कोण, तें आधीं नीट पाहिलें पाहिजे. नाहीं तर क्लेमेंटानें केवढें धाडस केलें हें ध्यानांत यावयाचें नाहीं.

ग्रीक लोकांच्या सुखवस्तु घरीं मुलगा सहासात वर्षांचा झाला म्हणजे बाप त्याला दाईच्या हातून काढून एका दासाच्या हवालीं करीत असे. हा दास बहुधा वयानें उतरलेला, परमुलखांतून आणिलेला, आणि जड कामाच्या उपयोगीं न पडणारा असे. मुलाला शाळेंत पोंचविणें, त्याच्या पाट्या व वीणा वाहून नेणें, शाळा सुटेपर्यंत तेथेंच बसून राहणें व त्याला सुखरूप घरीं आणणें हें त्याचें काम. अक्षरें शिकविणें हें त्याचें काम नव्हे, तें शिक्षकाचें. पण रस्त्यानें कसें चालावें, पानावर कसें जेवावें, झगा कसा पांघरावा, वडील माणसांपुढें केव्हां गप्प बसावें, हें सगळें मूल त्याच्याच जवळ शिके. जुन्या मातीच्या भांड्यांवर त्याचीं चित्रें आहेत, त्यांत तो हातांत काठी घेतलेला दाढीवाला म्हातारा दिसतो. ती काठी शोभेची नव्हती.

त्याला मान किती होता म्हणाल, तर प्लेटोच्या एका ग्रंथांत सॉक्रेटीस एका कुलीन मुलाची थट्टा करितो कीं, तूं स्वतंत्र बापाचा पोर असून एक दास तुझ्यावर हुकूम चालवितो हें कसें? त्याच ग्रंथाच्या शेवटीं हे दास थोडें मद्य पिऊन, मोडक्यातोडक्या ग्रीक भाषेंत ओरडत मुलांस घरीं न्यावयास येतात. सगळेच असे होते असें मात्र नाहीं. ख्रिस्तपूर्व ४८० सालीं इराणी आरमार सलामीसपाशीं आलें, तेव्हां शत्रूला फसविण्याचा निरोप घेऊन थेमिस्तोक्लीसानें ज्याला पाठविलें तो सिकिन्नोस त्याच्या मुलांचा पायदागोगोसच होता; पुढें धन्यानें त्याला द्रव्य दिलें व एका नगराचें नागरिकत्वहि मिळवून दिलें, असें हेरोदोतानें लिहिलें आहे. तात्पर्य, माणूस कधीं हलका, कधीं मोलाचा. पण पदवी हलकीच. आणि मुलगा वयांत आला कीं ती पदवी संपे.

पौलाच्या मनांत हेंच चित्र होतें. नियमशास्त्र हें त्यानें ह्या दासाच्या ठिकाणीं मानिलें: त्यानें लेंकरांस ख्रिस्ताच्या दारापर्यंत आणिलें, आणि विश्वास आल्यावर त्याचें काम उरलें नाहीं. करिंथकरांस तो सांगतो कीं, असे पायदागोगोस दहा हजारहि मिळतील, पण बाप एकच. दोन्ही ठिकाणीं शब्दाला गौरव नाहीं. आतां ह्याच शब्दाचें पुढें काय झालें तें पाहूं.

तीतुस फ्लावियुस क्लेमेंस इ. स. १५० च्या सुमारास मूर्तिपूजक आईबापांच्या पोटीं बहुधा अथेनै शहरीं जन्मला. त्याचें विद्याध्ययन उत्तम झालें होतें; होमराचीं काव्यें, नाटककारांचे ग्रंथ, तत्त्ववेत्त्यांचीं मतें त्याच्या जिभेवर होतीं. त्याचें परिवर्तन कसें झालें तें त्यानें कोठें सांगितलेलें नाहीं. त्यानें सांगितलें आहे तें आपल्या शिक्षकांविषयीं. एक त्याला ग्रीस देशांत भेटला. मग दक्षिण इटलींत, मग पूर्वेकडे. त्यांत एक अश्शूरचा होता, एक पालेस्टाइनांतला इब्री होता. असा तो देशोदेशीं फिरला आणि शेवटचा शिक्षक त्याला मिसर देशांत सांपडला. तो जणूं लपून बसला होता, आणि संदेष्ट्यांच्या व प्रेषितांच्या कुरणांतून मध गोळा करणाऱ्या सिसिलीच्या मधमाशीसारखा होता, अशा अर्थाचें वर्णन क्लेमेंटानें केलें आहे. हा शिक्षक म्हणजे पंतैनस, असें विद्वान् मानितात. त्याच्यापाशीं आल्यावर क्लेमेंटाचें फिरणें थांबलें.

ह्या पंतैनसाची एक गोष्ट आपल्या देशाशीं जडलेली आहे. मंडळीचा इतिहास लिहिणारा युसेबियस सांगतो कीं, पंतैनस हिंदुस्थानापर्यंत गेला होता व तेथें त्याला इब्री लिपींतलें मत्तयाचें शुभवर्तमान आढळलें. तें बर्थलमय प्रेषितानें मागें ठेविलें होतें. त्या काळचे ग्रीक लोक अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यालाहि कधीं कधीं हिंदुस्थान म्हणत, म्हणून कित्येक विद्वान् ही गोष्ट तिकडची समजतात; दुसरे कित्येक ती मलबारची, आणि कांहीं तर मुंबईजवळच्या कल्याण बंदराची म्हणतात. आलेक्सांद्रिया आणि आपला पश्चिम किनारा यांच्यामध्यें तेव्हां जहाजांची ये-जा होती, येवढें मात्र निर्विवाद आहे. क्लेमेंटाच्या लेखांत ब्राह्मणांचा उल्लेख आहे, आणि बुद्धाचें नांवहि आहे. ख्रिस्ती ग्रंथकारांत तें नांव लिहिणाऱ्या अगदीं पहिल्यांपैकीं तो एक होय.

आलेक्सांद्रिया हें रोमी साम्राज्यांत रोमाच्या खालोखालचें शहर. तेथें दीपस्तंभ होता, मोठे ग्रंथसंग्रह होते, यहूदी लोकांची मोठी वस्ती होती, आणि त्यांनींच ख्रिस्तापूर्वीं जुन्या कराराचें ग्रीक भाषांतर केलें होतें. अशा शहरांत बाप्तिस्म्याच्या उमेदवारांस शिकविण्याचें काम पंतैनस करीत असे, आणि त्याच्यामागें तें क्लेमेंटाकडे आलें. ही शाळा म्हणजे मोठी इमारत व घंटा, असें कोणीं समजूं नये. शिक्षकाच्या भोंवतीं जमलेलीं माणसें, हीच शाळा. आजच्या आपल्या उपदेशकाच्या ओसरीवर संध्याकाळीं पांचसात जण बसतात, तिचेंच तें थोरलें भावंड.

त्या माणसांत दुकानदार होते, घरधनिणी होत्या, गर्भश्रीमंत होते, आणि दासहि होते. मूर्तीपुढें नैवेद्य ठेवणें त्यांनीं सोडलें होतें. पण जन्मभराच्या संवयी एका दिवसांत जात नाहींत. मेजवानीला कसें जावें? दागिने घालावे कीं नाहीं? सार्वजनिक स्नानगृहांत जावें काय? दासांशीं कसें वागावें? क्लेमेंटानें ओळखिलें कीं, ह्या लोकांस आधीं पंडित नको. आधीं बोट धरून चालविणारा पाहिजे. म्हणून त्यानें ग्रंथांची जी मालिका योजिली तींत पहिला ग्रंथ मूर्तिपूजकांस हांक मारणारा, दुसरा चाल वळविणारा, आणि ज्ञान देणारा शिक्षक त्यांच्याहि मागून. ह्या दुसऱ्या ग्रंथाला त्यानें नांव दिलें 'पायदागोगोस'. आणि हा पायदागोगोस कोण? नियमशास्त्र नव्हे, क्लेमेंट स्वतः तर नव्हेच. त्यानें तो शब्द ख्रिस्ताला लाविला.

वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. ग्रीक वाचकाच्या कानाला हें कसें लागलें असेल! देवाच्या सनातन शब्दाला ह्यानें घरच्या म्हाताऱ्या दासाचें नांव दिलें. पण ज्यानें दासाचें रूप घेतलें व शिष्यांचे पाय धुतले त्याला तें नांव शोभत नाहीं असें कोण म्हणेल? क्लेमेंटाच्या मनांतला ख्रिस्त दूर उभा राहून हुकूम सोडीत नाहीं. तो लेंकराबरोबर चालतो, त्याच्या पाट्या वाहतो, रस्त्यांत तें घसरलें तर उचलतो, आणि वेळ पडली तर रागेंहि भरतो. त्याच्या रागें भरण्यावर क्लेमेंटानें पुष्कळ पानें खर्चिलीं आहेत. कारण कित्येक पाखंडी असें शिकवीत कीं, शासन करणारा देव निराळा आणि चांगला देव निराळा. क्लेमेंट म्हणतो, प्रीति करणाराच शासन करितो.

मग पौलाचें काय? पौलानें तर पायदागोगोसाचें काम संपलें म्हणून सांगितलें. ह्या ठिकाणीं क्लेमेंटावर पौलाचा अर्थ फिरविल्याचा आरोप करितां येईल. त्याचें म्हणणें असें कीं, जो शब्द देहधारी झाला तोच पूर्वीं मोशाच्या द्वारें लेंकरांस नेत होता; तेव्हां भयानें नेत होता, आतां प्रीतीनें नेतो; काठी गेली, हात राहिला. आमच्या मतें पौलाच्या त्या वचनांतून एवढें निघत नाहीं. पौल तेथें नियमशास्त्राची मुदत सांगत आहे, आणि गलतीकरांस त्याच मुदतीची आठवण पाहिजे होती. तरी क्लेमेंटानें नियमशास्त्राला पुन्हा लेंकराच्या मानेवर बसविलें नाहीं, हेंहि खरें. शब्द त्याच दासाचा, पण चालविणारा निराळा.

त्याच पहिल्या भागांत आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या खेड्यांतल्या मंडळ्यांनीं जरूर ऐकावी. आलेक्सांद्रियांत त्या वेळीं आपणांस ज्ञानी म्हणविणाऱ्यांचे पंथ माजले होते. साधा विश्वास ठेवणारा माणूस खालच्या प्रतीचा, त्याचें दूध पिणारें बाळपण कधीं सुटावयाचें नाहीं, आणि गूढ ज्ञान असलेले आम्ही तेवढे पूर्ण, असें ते म्हणत. क्लेमेंटानें त्यांस बजाविलें कीं, बाप्तिस्म्यांत ज्याला जीवन मिळालें त्याला अर्धें जीवन मिळालेलें नाहीं. देवापुढें आपण सर्वच लेंकरें आहों, पंडितहि आणि अडाणीहि. निरक्षर विश्वासणाऱ्यांची एवढी बाजू त्या काळच्या विद्वानांत फारच थोड्यांनीं घेतली. खरें सांगावयाचें तर, पुढच्या ग्रंथांत तोच क्लेमेंट पूर्ण ज्ञानी ख्रिस्ती माणसाची इतकी स्तुति करितो कीं, साध्या माणसाला आपण मागच्या ओळींत बसलों असें वाटावें. तेथें आम्हांस त्याचें मन दोन ठिकाणीं गेलेलें दिसतें. दुधाची जी उपमा आहे तिचा विस्तार करितांना तर तो आईच्या रक्ताचें दूध कसें होतें ह्या जुन्या वैद्यकांत शिरून लवकर बाहेरच येत नाहीं. आमच्या मंडळींतल्या चार लेंकुरवाळ्या बायांनीं त्याला थोडक्यांत आवरिलें असतें.

दुसरा व तिसरा भाग वाचतांना मात्र म्हातारा दास अगदीं डोळ्यांपुढें उभा राहतो. घाईघाईनें गिळूं नये, तोंडांत घास असतां बोलूं नये, शिंक आली तर चारचौघांस दचकवूं नये, दांत कोरीत व कान खाजवीत बसूं नये. तरुणांनीं मद्यापासून दूर राहावें. कोणी हंसेल कीं, देवाच्या शब्दाला शिंकेची काय पंचाईत! पण ज्याला लेंकरें आहेत तो हंसणार नाहीं. श्रीमंतांच्या सोन्यारुप्याच्या भांड्यांस तो विचारितो कीं, मूठ हस्तिदंती नसली तर सुरी भाकर कापीत नाहीं काय, आणि कुंभाराच्या दिव्याचा उजेड सोनाराच्या दिव्याहून कमी पडतो काय? प्रभूनें लोकांस गवतावर बसवून जेवूं घातलें, शोमरोनी बाईच्या मातीच्या भांड्यांतलें पाणी मागितलें, आणि पाय धुवावयास स्वर्गांतून रुप्याचें घंगाळ आणविलें नाहीं, ह्याची तो आठवण देतो. मुद्रेच्या अंगठीवर सुद्धां त्याची नजर आहे. पत्रांवर शिक्का मारण्यापुरती एक अंगठी असावी, आणि तिच्यावर कबूतर, मासा, वाऱ्यानें चाललेलें जहाज, वीणा किंवा नांगर असें चित्र असावें. मूर्तीचें तोंड नको, शांतीच्या लोकांस तरवार व धनुष्य नको, मिताहारी लोकांस पेला नको. मासे धरणाऱ्याचें चित्र असलें तर प्रेषिताची आणि पाण्यांतून वर काढिलेल्या लेंकरांची आठवण होते, असेंहि तो म्हणतो.

तिसरा मोठा ग्रंथ त्यानें लिहिला त्याचें नांव 'स्त्रोमातैस'. तुकडे जोडून केलेल्या पांघरुणाचा तो शब्द आहे. आपण त्याला गोधडी म्हणूं. त्यांत ज्ञान पुष्कळ आहे, पण तुकडे इतके रंगीबेरंगी आहेत कीं, वाचणारा थकतो. आम्ही तिकडे आज जात नाहीं.

त्याचा एक छोटा लेख मात्र सोडतां येत नाहीं. मार्काच्या दहाव्या अध्यायांतल्या धनवान् तरुणाविषयीं तो प्रवचन आहे, व तारण पावणारा धनवान् कोण हा त्याचा विषय. द्रव्य हें हत्यार आहे. तें नीट वापरावयास शिकावें, आणि मनांतून त्याचा लोभ उपटून टाकावा, असें त्याचें सांगणें. त्याच्या शेवटीं तो धनवानाला सुचवितो कीं, त्यानें देवाच्या एका माणसाला आपल्यावर नेमून घ्यावें. तोंडपुज्या नको, तालीम देणारा व सुकाणूं धरणारा पाहिजे. तो रागावला तर धनवानानें भ्यावें, तो कण्हला तर दुःखित व्हावें. कारण तोच त्याच्यासाठीं रात्री जागून देवाजवळ रदबदली करील. आणि असा माणूस कसा असतो हें दाखविण्यासाठीं क्लेमेंटानें योहान प्रेषिताची एक परंपरागत गोष्ट सांगितली आहे.

योहान पात्म बेटावरून इफिसास परत आल्यावर जवळच्या मंडळ्यांत फिरत असे. एका शहरीं त्याला एक देखणा, उमद्या स्वभावाचा तरुण दिसला. त्यानें त्याला सर्व मंडळीदेखत तेथल्या अध्यक्षाच्या हातीं ठेव म्हणून दिलें. अध्यक्षानें त्याला घरीं नेलें, वाढविलें, जपलें, आणि अखेर बाप्तिस्मा दिला. नंतर त्यानें हात सैल सोडला. प्रभूचा शिक्का बसला, आतां ह्याहून मोठा पहारा कोणता, असें त्याला वाटलें. इकडे तरुणाला रिकामटेकड्या सोबत्यांनीं धरिलें. आधीं मेजवान्या, मग रात्रीच्या चोऱ्या, मग त्याहून वाईट कृत्यें. आतां आपलें तारण नाहींच असें मनानें घेतल्यावर तो डोंगरांत जाऊन लुटारूंचा नायक झाला.

कांहीं काळानें योहान पुन्हा आला आणि त्यानें आपली ठेव परत मागितली. अध्यक्ष गोंधळला, आपण कधीं घेतलेच नाहींत अशा पैशांचा हिशेब हा मागतो कीं काय, असें त्याला वाटलें. तरुणाचें नांव निघतांच तो रडूं लागला व म्हणाला कीं, तो देवाला मेला. म्हाताऱ्या प्रेषितानें आपलीं वस्त्रें फाडलीं, घोडा व वाट दाखविणारा मागितला, आणि जसा होता तसा उपासनेच्या जाग्यावरूनच निघाला. लुटारूंच्या पहारेकऱ्यांनीं त्याला धरिलें, तेव्हां तो पळाला नाहीं. नायकाकडे न्या, एवढेंच त्याचें मागणें होतें. नायक हत्यारबंद उभा होता. त्यानें योहानाला ओळखिलें आणि लाजेनें पळ काढिला. योहान आपलें वय विसरून त्याच्यामागें धांवला. मी तुझा बाप आहें, मी नि:शस्त्र म्हातारा आहें, गरज पडली तर तुझ्यासाठीं मी मरण सोशीन, अशा विनवण्या करीत धांवला. तेव्हां तो तरुण थांबला, त्यानें हत्यारें टाकिलीं, तो थरथर कांपूं लागला व ढळढळां रडला. परंतु आपला उजवा हात तो लपवीत होता. योहानानें तोच हात धरून त्याचें चुंबन घेतलें. मग त्यानें त्याला मंडळींत आणिलें, त्याच्याबरोबर उपास केले, प्रार्थना केल्या, आणि तो मंडळींत पुन्हा नीट उभा राहीपर्यंत त्याला सोडून गेला नाहीं.

उपदेशक बंधूंनो, ह्या गोष्टींतल्या अध्यक्षाला दुष्ट म्हणतां येत नाहीं. त्यानें शिकविलें, खाऊं घातलें, बाप्तिस्मा दिला, वहीवर नांवहि लिहिलें असेल. बाप्तिस्मा हें घर आहे असें त्यानें धरिलें, म्हणून त्यानें बोट सोडिलें. पण मूल अजून रस्त्यांतच होतें. आपल्या मंडळ्यांत सणावारीं, लग्नाकार्यांत, दारूच्या गुत्त्यापाशीं जीं माणसें हातचीं गेलीं त्यांतलीं बहुतेक बाप्तिस्म्याच्या आधीं गेलीं कीं नंतर, ह्याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या वहीवरून करावा.

इ. स. २०२ च्या सुमारास बादशाहा सेप्तिमियस सेव्हेरस याच्या कारकीर्दींत आलेक्सांद्रियांत छळ सुरू झाला. ओरिजेनाचा बाप लेओनिदस त्यांत मारला गेला. क्लेमेंट शहर सोडून गेला, आणि पुन्हा तेथें आल्याचा दाखला नाहीं. त्यानें बोट सोडिलें काय, असें कोणी विचारील. एका गांवांत छळ झाला तर दुसऱ्या गांवीं जावें ही प्रभूची आज्ञा तो पूर्वींपासून शिकवीत होता, आणि मरणाला आपण होऊन बोलावूं नये असें त्याचें स्पष्ट मत होतें. त्याच्यामागें शाळा बंद पडली नाहीं. लेओनिदसाचा अठरा वर्षांचा मुलगा ओरिजेन ती चालवूं लागला, आणि युसेबियसाच्या म्हणण्याप्रमाणें तो क्लेमेंटाचाच शिष्य होता. ओरिजेनाचें नांव पुढें इतकें गाजलें कीं क्लेमेंट झांकला गेला. रोमी मंडळीच्या संतांच्या यादींतून तर पोप आठव्या क्लेमेंटाच्या वेळीं ह्याचें नांव काढून टाकण्यांत आलें, आणि १७४८ सालीं पोप चौदाव्या बेनेडिक्टानें तेंच कायम केलें. 'पायदागोगोस' आपल्या हातीं आला तो मात्र इ. स. ९१४ सालीं आर्चबिशप अरेथस ह्यानें करविलेल्या हस्तलिखितामुळें.

मिसर सोडल्यावर क्लेमेंट आपला जुना विद्यार्थी अलेक्झांडर ह्याच्याजवळ राहिला. अलेक्झांडर कप्पदुकियांत अध्यक्ष होता व विश्वासासाठीं तुरुंगांत पडला होता. त्याच्या पाठीमागें क्लेमेंटानें तेथल्या मंडळीला सांभाळिलें. इ. स. २११ च्या सुमारास अंत्युखियाच्या मंडळीला अलेक्झांडरानें तुरुंगांतून पत्र पाठविलें, तें पोंचवावयास साठीला टेकलेला क्लेमेंटच निघाला. पुढें अलेक्झांडर यरुशलेमाचा अध्यक्ष झाला. इ. स. २१५ च्या सुमारास ओरिजेनाला लिहिलेल्या पत्रांत तो पंतैनस व क्लेमेंट ह्या दोघांची आठवण काढितो, तेव्हां ते दोघेहि निवर्तले होते. त्या पत्रांत त्यानें त्यांस पायदागोगोस म्हटलेलें नाहीं. त्यानें त्यांस आपले बाप म्हटलें आहे. आणि ते मेले असें न लिहितां, ते वाटेनें पुढें चालून गेले, असा शब्द त्यानें वापरिला आहे.